चिनी कामगाराला ओव्हरटाइम हवा असतो की नको?

मार्च 2012 मध्ये फेअर लेबर असोसिएशन या अमेरिकी संस्थेनं एक अहवाल काढला. ॲपलसाठी फोन आणि टॅब्लेट जोडून देणाऱ्या फॉक्सकॉनच्या चीनमधल्या तीन कारखान्यांची तिनं तपासणी केली होती. (वेदांताबरोबर तळेगावला येणार म्हणून 2022 मध्ये आपल्याकडे गाजलेली आणि मग गुजरातकडे वळलेली तीच ही फॉक्सकॉन.) 35,000 हून जास्त कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. कामाचा जोर असताना आठवड्याला साठ तासांच्या वर काम चालतं, हे त्यात उघड झालं आणि त्यावर जगभर भरपूर लिहून आलं.

मला त्याच प्रश्नावलीतले दुसरे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. कामाचे तास कसे वाटतात, असं विचारल्यावर 48 टक्के कामगार म्हणाले, ठीक आहेत. फार होतात, असं म्हणणारे 18 टक्क्यांच्या आसपास होते. आणि जवळजवळ 34 टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला अजून तास द्या, म्हणजे चार पैसे जास्त मिळतील. याच कामगारांपैकी 64 टक्के लोकांचं म्हणणं होतं की या पगारात मूलभूत गरजा भागत नाहीत.

अहवालानंतर फॉक्सकॉननं जाहीर केलं की जुलै 2013 पर्यंत आठवड्याचे तास 49 वर, म्हणजे ओव्हरटाइम धरून कायद्याच्या आत आणू. दक्षिण चीनमधल्या शेन्झेन शहरात पत्रकारांनी कामगारांना गाठलं तेव्हा कित्येकांच्या चेहऱ्यावर काळजीच होती. तास कमी झाले की पगारही कमी होणार, ही ती काळजी.

हे वाचून लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, चिनी माणूस मुळातच कष्टाळू, त्याला काम आवडतं, म्हणून तो देश पुढे गेला. दुसरा म्हणतो, बिचाऱ्यांना कळतच नाही की आपली पिळवणूक होतेय. मला दोघांचंही पटत नाही. कामगाराला ओव्हरटाइम हवासा वाटणं किंवा नकोसा वाटणं हे दोन गोष्टींवर ठरतं: मूळ पगारात घर चालतं का, आणि पुढचं आयुष्य कुठे काढायचं हे त्यानं मनाशी काय ठरवलंय. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चीनमध्ये या दोन्ही गोष्टी हलल्या आणि त्यांच्याबरोबर कामगाराची ओव्हरटाइमकडे बघण्याची नजरही बदलली. ती एकाच दिशेनं मात्र बदलली नाही.

पगाराची स्लिप

आधी कायदा. चीनचा श्रम कायदा जुलै 1994 मध्ये मंजूर झाला आणि 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला. त्याच वर्षी मे महिन्यापासून आठवडा 40 तासांचा झाला. ओव्हरटाइम एरवी दिवसाला एक तास, खास कारण असेल तर तीन तास, आणि काहीही झालं तरी महिन्याला 36 तासांच्या वर नाही. दर असे: कामाच्या दिवशी दीडपट, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुप्पट, सणाच्या सरकारी सुट्टीला तिप्पट. कागदावर हा कायदा कडक आहे. आपल्याकडे कायद्यानं ओव्हरटाइम डबल असतो, पण 40 तासांचा आठवडा आपल्याकडे कारखान्यात कुणी पाहिलाय?

आता 2010 च्या सुरुवातीचा शेन्झेनमधला एक कामगार घेऊ. मूळ पगार 900 युआन, तेव्हाचे साधारण 6000 रुपये. शहराच्या बाहेरच्या औद्योगिक पट्ट्यातलं किमान वेतन तेवढंच होतं आणि फॉक्सकॉनमध्ये नव्यानं लागलेल्याला मूळ पगार म्हणून तेवढेच मिळत. सरकारी हिशोबात महिना 21.75 दिवसांचा धरतात. त्यानं भागलं की तासाला 5 युआन 17 पैसे पडतात. आठ तास उभं राहून 41 युआन.

हाच कामगार रोज दोन तास जादा थांबला आणि महिन्यातले चार शनिवार दहा-दहा तास भरले, तर जादा तास होतात 84. कामाच्या दिवसांचे 44 तास दीडपटीनं, म्हणजे 341 युआन. शनिवारचे 40 तास दुपटीनं, म्हणजे 414 युआन. सगळं मिळून पगार 1655 च्या आसपास. त्यातला जवळजवळ निम्मा ओव्हरटाइमचा.

आता समजा, कंपनी सुधारली आणि 36 तासांची मर्यादा काटेकोर पाळू लागली. जादा कामाचे 279 युआन आणि मूळ 900. हातात 1179. कायदा पाळला गेला आणि कामगाराच्या खिशातून महिन्याला पावणेपाचशे युआन गेले. आता त्याला विचारा, तास कमी करू का? तो काय सांगणार?

मूळ पगार मुद्दाम किमान वेतनाला चिकटवून ठेवायचा आणि बाकीचा सगळा पगार ओव्हरटाइममध्ये लटकवायचा, ही कारखानदारांची फार सोयीची रीत आहे. ऑर्डर आली की तास वाढवा, ऑर्डर गेली की तास काढा. मूळ पगार वाढवला तर तो मंदीतही द्यावा लागतो. ओव्हरटाइमचं तसं नाही. नोकरभरतीच्या जाहिरातीतही ‘एकूण पगार इतका’ असा एकच मोठा आकडा छापतात, त्यात जादा तास आधीच धरलेले असतात. अनुभवी कामगार फाटकावर पहिला प्रश्न विचारतो, इथे ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, किती लागते?

आणि तास मोजण्यातही हात मारला जातो. फेअर लेबर असोसिएशनला असं आढळलं की ओव्हरटाइम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यानं मोजला जात होता. 29 मिनिटं जादा काम केलं तर हातात काहीच नाही. पाळी संपल्यावरची ही मिनिटं महिनाभराची जोडून पाहा.

गावाला परत जायचं असतं तेव्हा

1980 मध्ये शेन्झेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं. सिच्वान, हुनान, हनान, आनह्वे या प्रांतांतल्या खेड्यांतून तरुण पोरी आणि पोरं दक्षिणेच्या कारखान्यांत आली. त्यांची ओव्हरटाइमकडे बघण्याची नजर समजून घ्यायची तर हुकौ समजून घ्यावं लागतं. ही कुटुंबाच्या नोंदणीची पद्धत आहे, 1958 पासूनची. तुमची नोंद ज्या गावची, तिथेच तुमच्या मुलांची सरकारी शाळा, तिथेच दवाखान्याची सवलत, तिथेच म्हातारपणाची सोय. शेन्झेनमध्ये दहा वर्षं राबलात तरी कागदोपत्री तुम्ही हुनानच्या खेड्यातलेच.

त्यामुळे शहर हे कमावण्याचं ठिकाण, राहण्याचं नाही. नवरा-बायको कारखान्यात, मूल आजीकडे. चीनच्या महिला महासंघानं 2010 च्या जनगणनेवरून काढलेल्या आकड्यानुसार आईबापांपासून लांब, गावी राहणारी अशी मुलं 6 कोटी 10 लाख होती. हा आकडा मी कितीदा तरी वाचलाय आणि तरी तो पचत नाही. अशा आईला रविवारची सुट्टी देऊन काय उपयोग? मूल हजार किलोमीटरवर आहे. खोलीत आठ जणींचे दुमजली पलंग. बाहेर गेलं की पैसे खर्च होणार. त्यापेक्षा लाइनवर बसावं, दोन वर्षं आधी गावी घर बांधून होईल. त्या पिढीतले लोक कमी ओव्हरटाइमचा कारखाना सोडून जास्त ओव्हरटाइमच्या कारखान्यात जायचे, ते याच हिशोबानं.

पण सोसायलाही मर्यादा होतीच, आणि तिची किंमत काही जणींनी जिवानं दिली. 19 नोव्हेंबर 1993 ला शेन्झेनच्या झिली खेळणी कारखान्यात आग लागली. दारं कुलूपबंद, खिडक्यांना गज. 87 कामगार गेले, बहुतेक खेड्यातून आलेल्या तरुण मुली. श्रम कायदा मंजूर झाला तो या आगीनंतर आठ महिन्यांच्या आत.

पोरं जायला तयार होईनात

2004 च्या सुमाराला शेन्झेनच्या आसपासच्या पर्ल नदीच्या खोऱ्यातल्या कारखानदारांना पहिल्यांदा कामगार कमी पडू लागले. त्याआधी फाटकाबाहेर रांग लागायची, आता फाटकावर बोर्ड लागले. शेतीवरचा कर जात होता, आतल्या प्रांतांतही कारखाने निघत होते, आणि एका मुलाच्या धोरणानंतर जन्मलेली पिढी वयात आली होती. 2012 मध्ये तर देशातली काम करण्याच्या वयाची लोकसंख्याच कमी व्हायला लागली. 2008 मध्ये श्रम करार कायदा आला, लेखी कराराची सक्ती कडक झाली, आणि तंट्यासाठी लवादाकडे जाणं सोपं झालं. कामगार मोबाइलवर कायद्याची कलमं वाचू लागले.

या पिढीत आणि आईबापांत मोठा फरक होता. यांनी शेती कधी केलीच नव्हती. शाळेतून थेट कारखान्यात. गावी परत जाऊन करणार काय, हा प्रश्न त्यांना खरोखर पडायचा. ज्याला शहरातच राहायचंय, लग्न करायचंय, मूल जवळ ठेवायचंय, त्याला पगाराइतकाच वेळही लागतो. बारा तासांच्या पाळीनंतर माणूस कुणाला भेटणार आणि संसार कधी करणार? जानेवारी 2010 मध्ये चीन सरकारच्या वर्षातल्या पहिल्या दस्तऐवजात ‘नव्या पिढीचे स्थलांतरित कामगार’ असा उल्लेख आला, म्हणजे बीजिंगच्याही हे लक्षात आलं होतं.

त्याच वर्षी फॉक्सकॉनच्या आवारांत एकामागून एक तरुण कामगारांच्या आत्महत्या झाल्या. वर्षभरात 14 जण गेले. कंपनीनं मूळ पगार आधी 1200 वर नेला आणि मग 2000 चं आश्वासन दिलं. मे महिन्यात फोशान शहराच्या नानहाय भागात होंडाच्या गिअरबॉक्स कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. गिअरबॉक्स थांबले तशा चीनमधल्या होंडाच्या मोटारी बनवणाऱ्या लाइनही थांबल्या. हा संप मला त्या सगळ्या काळातला सर्वात बोलका वाटतो, कारण त्यातल्या मागण्या. ओटीचा दर वाढवा, असं काही त्यांचं मुख्य म्हणणं नव्हतं. त्यांना मूळ पगारात वाढ हवी होती आणि आपल्या युनियनचे पदाधिकारी आपण निवडणार, असं ते म्हणत होते. त्यावर स्थानिक सरकारी युनियनचीच माणसं येऊन संपकऱ्यांशी धक्काबुक्की करून गेली. पगारवाढ शेवटी मिळाली.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. चीनमध्ये एकच अधिकृत कामगार महासंघ आहे, दुसरी युनियन काढता येत नाही. संपाचा हक्क 1982 मध्ये राज्यघटनेतून काढून टाकलेला आहे. तरीही संप होतात. एप्रिल 2014 मध्ये डोंगग्वानमध्ये नायकी आणि आदिदाससाठी बूट शिवणाऱ्या यू युएन कंपनीचे सुमारे 40,000 कामगार बाहेर पडले, आणि ते पगारासाठी नव्हते. कंपनीनं त्यांच्या पेन्शनचे आणि घरासाठीच्या फंडाचे पैसे वर्षानुवर्षं कमी भरले होते. त्यात अनेक बायका चाळिशीच्या होत्या. निवृत्ती जवळ आली तेव्हा हिशोब पाहिला आणि धक्का बसला. वीस वर्षांपूर्वी याच बायका ओटीसाठी कारखाने बदलत असतील. आता त्यांना म्हातारपण दिसत होतं.

पुढे वाट अरुंद होत गेली. डिसेंबर 2015 मध्ये शेन्झेन ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगडोंगमधल्या कामगार संस्थांच्या कार्यकर्त्यांची धरपकड झाली. 2018 मध्ये शेन्झेनच्या जासिक कारखान्यात कामगारांनी युनियन काढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना आणि पाठिंब्याला आलेल्या विद्यापीठातल्या मुलांनाही अटक झाली. हाँगकाँगमधून तीस वर्षं चिनी कामगारांसाठी काम करणारी आणि संपांची नोंद ठेवणारी चायना लेबर बुलेटिन ही संस्था जून 2025 मध्ये बंद झाली.

मग तरुण काय करतात? सोडून जातात. कुणी फूड डिलिव्हरी करतो. मेइत्वानच्या ॲपवरून 2023 मध्ये 74 लाखांहून जास्त लोकांनी कमाई केली. रस्त्यावर जीव धोक्यात, तास तितकेच, पण सुपरवायझर डोक्यावर उभा नसतो आणि नको त्या दिवशी ॲप बंद ठेवता येतं. कुणी कायम नोकरी घेतच नाही. ऐन हंगामात ठेकेदारामार्फत दोन-तीन महिने आत शिरायचं, ठरलेले दिवस भरले की मिळणारा बोनस घ्यायचा आणि निघायचं. कारखान्यांनाही हे सोयीचं. अशा ठेकेदारी कामगारांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. झेंगझौच्या आयफोन कारखान्यात तो मोडला गेल्याचं 2019 मध्ये ॲपल आणि फॉक्सकॉन दोघांनी मान्य केलं. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच झेंगझौत नव्यानं भरती झालेले कामगार बोनसच्या अटी बदलल्या म्हणून पोलिसांना भिडले. शेवटी कंपनीनं राजीनामा देणाऱ्यांना 10,000 युआन देऊ केले आणि बसनं घरी पाठवलं.

एप्रिल 2021 मध्ये कारखान्यातली नोकरी सोडलेल्या एका तरुणानं इंटरनेटवर लिहिलं की मी आता थोडक्यात भागवतो, गरजेपुरतं काम करतो, बाकी पडून राहतो. ‘थांगपिंग’, म्हणजे आडवं पडून राहणं, हा शब्द तिथून देशभर झाला. ऑफिसातल्या मुलांनी तो उचलला, कारण त्यांचा आपला वेगळा त्रास होता: सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. अलीबाबाच्या जॅक मा यांनी 2019 मध्ये अशा कामाला भाग्य म्हटलं होतं आणि त्यावर रान उठलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं श्रम मंत्रालयाबरोबर दहा नमुना खटले प्रसिद्ध केले आणि नऊ-नऊ-सहा बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. त्यातल्या एकात कुरिअर कंपनीतल्या कामगारानं जादा तासांना नकार दिला म्हणून त्याला काढलं होतं. त्याला 8000 युआन भरपाई मिळाली. दुसऱ्या खटल्यात, ओव्हरटाइमचे पैसे मागणार नाही असं कर्मचाऱ्यानं सही करून दिलं होतं. ती सही चालणार नाही, असा निकाल लागला.

आणि तरीही आठवड्याला 49 तास

एवढं सगळं वाचून वाटेल की चीनमधला कामगार आता ओव्हरटाइमच्या विरोधात गेला. सरकारी आकडेवारीत मात्र कंपन्यांमधल्या माणसाचा सरासरी आठवडा आजही 49 तासांच्या आसपास आहे. याचं एक मोठं कारण वय. स्थलांतरित कामगारांचं सरासरी वय 2008 मध्ये 34 होतं, 2024 मध्ये 43 च्या वर गेलं. जवळजवळ 30 कोटी कामगारांत पन्नाशी उलटलेले तिघांत एक व्हायला आलेत. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या पेन्शनची केंद्रानं ठरवलेली किमान रक्कम 2025 मध्ये महिन्याला 143 युआन होती, म्हणजे सतराशे रुपयांच्या आसपास. बावन्न वर्षांच्या माणसाला हा आकडा माहीत असतो. तो ओटी मागतो, आणि मला त्याचं बरोबर वाटतं.

ग्वांगझौच्या पानयू भागात शीन या ऑनलाइन कपडे कंपनीसाठी शिवणकाम करणाऱ्या शेकडो छोट्या वर्कशॉप आहेत. पब्लिक आय या स्विस संस्थेनं 2021 मध्ये तिथे आठवड्याला 75 तास काम आणि महिन्याला एक सुट्टी अशी माणसं पाहिली. तिथे मजुरी नगावर मिळते, त्यामुळे ओव्हरटाइम हा शब्दच लागू पडत नाही. जितके कपडे, तितके पैसे.

दुसरीकडे मंदी आली की मालक काय करतो? कामगाराला काढलं तर भरपाई द्यावी लागते. म्हणून काढत नाही, फक्त ओटी बंद करतो. शेन्झेनचं किमान वेतन मार्च 2025 मध्ये 2520 युआन झालं, तेव्हाचे साधारण 30,000 रुपये. नुसत्या तेवढ्यावर भाडं देऊन तिथे राहता येत नाही, म्हणून माणूस दोन-तीन महिन्यांत आपणच राजीनामा देतो. आणि वरच्या हिशोबात 900 च्या जागी 2520 घालून बघा. आकडे मोठे होतात, पण 84 तासांचा ओव्हरटाइम अजूनही एकूण पगाराचा तेवढाच हिस्सा, जवळजवळ निम्मा राहतो, कारण ओटीचा दर मूळ पगारावरूनच काढतात. पंधरा वर्षांत वेतन जवळजवळ तिप्पट झालं तरी ज्याचा पगार किमान वेतनाला बांधलाय, त्याच्या स्लिपचा आकार बदललेला नाही.

आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाहीतला ओव्हरटाइम 115 वरून 144 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्यात कामगाराची लेखी संमती घेण्याची अट आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवून काळजीचं कारण नाही असं सांगितलं जातं. चाकण, रांजणगाव, वाळूजमध्ये जी मुलं कंत्राटावर आहेत, त्यांच्या हातात मूळ पगार किती पडतो आणि ओटीचा किती, हे आधी विचारायला हवं. शेन्झेनमध्येही ‘स्वेच्छेनं ओव्हरटाइम करतो’ अशा कागदावर सह्या घेतल्या जातात. सही करणाऱ्याला ते तास खरंच हवे असतात.